लेआ, म्हणजे दमलेली

माझ्या नावाचा अर्थ थकलेली. हे मला संडे स्कूलमध्ये कळलं. उपासना संपल्यावर पाद्रीसाहेबांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या पाद्रीबाईंनी, आम्हा मुलींना भिंतीशी ओळीने बसवलं आणि प्रत्येकीच्या नावाचा इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत काय अर्थ होतो ते सांगायला घेतलं. एकीचं नाव निघालं राजकन्या, एकीचं कृपा, एकीचं मधमाशी. मधमाशीवालीला आम्ही हसलो, पण ती स्वतः खूश होती, कारण मधमाशी निदान कामाची असते. मग माझी पाळी आली. "लेआ, म्हणजे थकलेली, दमलेली," असं पाद्रीबाई म्हणाल्या आणि लगेच घाईघाईने त्यांनी पुस्ती जोडली की काही पंडितांच्या मते या शब्दाचं मूळ रानगायीच्या नावात आहे. गायीची काही मदत झाली नाही. उलट सगळ्या आणखी जोरात हसल्या. त्या रविवारपासून शाळेच्या वाटेवर, पाणी भरताना, लगोरी खेळताना मला एकच प्रश्न, "काय गं, दमली का?"

मी दमणाऱ्यातली नव्हते. पळायला लागले तर मुलग्यांनाही हाती लागायची नाही. पुढे सारी नोकरी उभ्याने केली आणि पाय दुखतात म्हणून कधी रजा टाकली नाही. नाव आणि मी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. आईबाप हौसेने काहीतरी ठेवतात आणि माणूस आपल्या वाटेने जातो, असं नावांविषयी माझं मत तेव्हाच झालं आणि ते बराच काळ टिकलं.

शिवाय ते नाव फार ठिकाणी वापरावंही लागलं नाही. शाळेत घालताना मास्तरांनी वडिलांना विचारलं, "हे कसलं नाव? पुढं पोरीला तरास हुईल." आणि त्यांनी स्वतःच्या मनाने एक साधं, कुणाच्याही तोंडात बसणारं मराठी नाव लावून टाकलं. वडिलांनी ते चालवून घेतलं. आमच्या गावातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत हे असंच होतं, एक नाव चर्चचं आणि एक कागदाचं. कागदाचं नाव इथे सांगायचं कारण नाही. नोकरीने ते वापरलं, बँकेने वापरलं, रेशनकार्ड अजून वापरतंय.

चर्चच्या नावाचीही एक गत नव्हती. 'ले' म्हटल्यावर लगेच 'आ' म्हणायचं हे आमच्याकडच्या जिभेला जमत नाही, मध्ये काहीतरी आधार लागतो. म्हणून गावात मी लेयाबाई होते, आणि शेजारच्या म्हातारीच्या तोंडी लेवा. पाद्रीसाहेब शास्त्रात, म्हणजे बायबलात, लिहिल्याप्रमाणे दोन्ही अक्षरं सुटी सुटी म्हणायचे. एकदा परदेशातून पाहुणे आले तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईंनी मला 'लीआ' अशी हाक मारली आणि माझ्याच नावाला ओ द्यायला मला वेळ लागला. काही देशांत नुसतं 'ली' म्हणतात, काही देशांत 'लिया'. मूळ इब्रीत म्हणे शेवटच्या 'आ'वर जोर असतो. अर्थ मात्र सगळीकडे तोच, असं मी धरून चालले होते.

हे नाव मला माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने दिलं. ती लहानपणीच विधवा झालेली, चर्चच्या कामावर गावोगाव फिरणारी. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पायात टायरच्या चपला. बायकांना गोळा करून गाणी शिकवायची, बाळंतिणीची विचारपूस करायची. गाव तिला 'बाई' म्हणायचं म्हणून आम्ही तिला बाईआत्या म्हणायचो. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर घरातलं बरंच काही बदललं, देव्हारा गेला, सणवार बदलले. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे बदललं नाही. पाद्रीसाहेब प्रार्थना करायचे, बायका येशूचा पाळणा म्हणायच्या, आणि कानाशी 'कुर्र' करायला मात्र आत्याच लागायची.

बाईआत्याचा मला राग होता, सरळच सांगते. एकतर एवढ्या मोठ्या शास्त्रातून तिने नेमकं हेच नाव उचललं. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "शास्त्रातलं हाय, चांगलंच असतंय," आणि पिशवी उचलून निघून गेली. आणि दुसरं, ती घरी आली की पहिल्यांदा माझं तोंड दोन्ही हातांत धरायची, स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची आणि मोठ्याने म्हणायची, "दमली गं माझी बाय." मी नुकती झोपेतून उठलेली असो नाहीतर दारात दोरीवर उड्या मारत असो, तिचं तेच. मैत्रिणींसमोर म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. मला वाटायचं, एक तर असलं नाव ठेवलं आणि वर त्याची आठवण करून देते. कॉलेजात गेल्यावर मी तिचे हात तोंडावरून बाजूला करायला लागले. तरी ती अंगणात उभी राहून म्हणायचीच. पुढे ती वारली तेव्हा मी गेले, सगळं रीतीप्रमाणे केलं, आणि परत कामावर हजर झाले.

काम म्हणजे संगमनेरच्या एका दूध संघाची प्रयोगशाळा. आलेल्या दुधात फॅट किती, पाणी किती, सोडा घातलाय का, हे तपासायचं आणि असेल ते सांगायचं. या कामाने माणसाची जीभ सरळ होते. दुधात पाणी असलं की असतं, मग ते पुढाऱ्याच्या कॅनमधलं असो नाहीतर सख्ख्या भावाच्या. माझ्या धाकट्या भावाचं दूध मी एकदा परत पाठवलं होतं. तो बरेच दिवस बोलत नव्हता. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावरही जीभ तशीच राहिली.

गेल्या थंडीत त्याच भावाच्या सुनेला दिवस भरायच्या पुष्कळ आधी मुलगी झाली. माझा भाचा आणि ही भाचेसून संगमनेरातच राहतात. ती कोपरगावकडची, ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरातली, हिंदू. दोघांनी आपापसात ठरवून लग्न केलं, दोन्हीकडचे लोक काही महिने फुगून बसले आणि मग आपोआप बोलायला लागले. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नीटनेटकी, कमी बोलणारी मुलगी, मला आवडते. तिचा पहिला मुलगाही असाच दिवस भरायच्या आधी झाला होता आणि राहिला नाही. त्याचं नाव ठेवायचंही झालं नव्हतं. तो गेला त्यापेक्षा तो बिननावाचा गेला हेच तिच्या मनाला जास्त लागलं होतं, असं भाचा मला एकदा म्हणाला होता.

मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी गेले तेव्हा भाचेसून बाहेरच्या बाकावर बसली होती, डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला, मांडीवर शाल. शेजारी तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, थर्मास आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बसलेल्या. बाळाला पाजायची सोय नव्हती. आई अंगावरचं दूध वाटीत काढून द्यायची आणि सिस्टर ते नळीने बाळाच्या पोटात सोडायची. वाटीतलं दूध पाहून मी सवयीने म्हणाले, "घट्ट आहे, चांगलं आहे." ती पहिल्यांदाच हसली.

मग म्हणाली, "आत्या, नाव तुम्हीच ठेवायचं. ह्यांना बहीण नाही, म्हणजे मान तुमचाच. आमच्याकडेही आत्याच ठेवते. पण मी एक बघून ठेवलंय. या वेळी मला थांबायचं नाहीये. बारसं होईल तेव्हा होईल, पण नाव आत्ताच पाहिजे."

"बघू तर," मी म्हणाले.

"लिया. दोन्हीकडे चालतं बघा. तुमच्यात आहे म्हणतात, आणि आमच्यातही हल्ली खूप जणी ठेवतात. मोबाईलवर अर्थ दिलाय, शुभवार्ता आणणारी. मी तर रोज काचेपाशी उभी राहून तिला त्याच नावाने हाक मारते."

"हे माझंच नाव आहे," मी म्हणाले.

तिला खरंच वाटेना. लग्नाच्या पत्रिकेतही माझं कागदाचंच नाव होतं. मी तिला शाळेतल्या मास्तरांचं सांगितलं, लेआ आणि लिया कसं एकच ते सांगितलं. तिचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाली, "बघा, मला कुठे माहीत होतं! आपोआप तुमचंच नाव निघालं." विहीणबाईंनीही हात जोडले. तिथे मी गप्प बसले असते तर सगळं छान झालं असतं. पण ती पुढे म्हणाली, "म्हणजे तुमच्या नावाचाही अर्थ शुभवार्ता," आणि मी म्हणाले, "नाही. मोबाईलचं मला माहीत नाही. इब्रीत त्याचा अर्थ थकलेली. दमलेली."

हे बोलायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही. कॅनमध्ये पाणी आहे हे सांगायला लागायचा नाही, तसाच.

विहीणबाई ताडकन उठल्या. "आवो आत्याबाई, लेकरू पेटीत हाय! जीव धरीना अजून, आन् नाव दमलेली? नगं गं बया, बदला ते." भाचेसुनेने माझा हात हळूच सोडला आणि शाल अंगाभोवती लपेटून घेतली.

त्यानंतर तिचं दूध कमी होत गेलं. आधी वाटी भरायची, मग अर्धी, मग तळही झाकेना. विहीणबाईंनी शतावरी दिली, हाळिवाची खीर दिली, गरम पाण्याने शेकलं. डॉक्टर म्हणाले, बाळाचं वजन वाढत नाही, आईचं दूध मिळालं तर बरं, आईने मनाला त्रास करून घेऊ नये. हे सांगणं सोपं होतं. भाचा मला जिन्यात गाठून म्हणाला, "आत्या, ती म्हणते, मी रोज माझ्याच तोंडाने तिला थकलेली म्हणत होते." आता ती काचेपाशी उभी राहायची, पण हाक मारायची नाही. दुसरं कुठलं नावही तिला चालेना. विहीणबाईंनी लक्ष्मीपासून सगळी सुचवून पाहिली. ती मान हलवायची आणि काचेकडे बघायची.

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. राग आधी आला. केमिस्ट्री शिकवणारी बाई, आणि एका शब्दापायी पान्हा आटवून घेते? पण मी पाहिलं, काचेच्या आत मूठभर लेकरू, अंगभर नळ्या, आणि बाहेर ही अशी मुकी उभी. पहिल्या मुलाच्या वेळी नाव नव्हतं, आता होतं ते भीतीचं झालं होतं. केमिस्ट्री शिकलं म्हणून भीती सुटते असं थोडंच आहे. खरं बोलून मी काय मिळवलं, हे मला सांगता येईना.

रविवारी मी बसने गावी गेले, अकोले तालुक्याच्या रस्त्याला आमचं गाव आहे. आई तिथे भावाकडे असते. ऐंशीच्या पुढे गेली आहे, ऐकू थोडं कमी येतं, बाकी सगळं जागेवर. ती पडवीत उन्हाला बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. मी बाळाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव काय ठिवलं?"

"ठेवलंच नाही. माझं नाव ठेवणार होते, अर्थ कळल्यावर घाबरले."

"घाबारले? का?"

"का म्हणजे? थकलेली म्हणून."

"मंग? त्याच्यासाटीच तर ठिवलं हुतं. तुला बाईनं सांगितलं न्हाई?"

बाईने मला काही सांगितलं नव्हतं. आईला इतकी वर्षं वाटत होतं की मला ठाऊक आहे. मग तिने शेंगा सोलता सोलता जे सांगितलं, ते मी जमेल तसं लिहिते.

माझ्या आधी आईला दोन मुली झाल्या होत्या. एवढं मला माहीत होतं. आमच्या वेळी असं बहुतेक घरांत असायचं, कोणी त्याबद्दल बोलत नसे. त्या दोघींचीही नावं बाईआत्यानेच ठेवली होती, हौसेने, शास्त्रातून निवडून. एकीचा अर्थ राजकन्या, दुसरीचा तारा. राजकन्या रांगायला लागायच्या आत गेली. तारा चालायला लागली होती, तोंडातून शब्द फुटायला लागले होते, आणि तापाने गेली. मग मी पोटात आले.

गावातल्या इतर घरांत अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. मूल जगत नसलं की पुढचं झाल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवायचं आणि शेजारणीने उचलून आणायचं, किंवा सूपभर दाण्यांवर ते कुणाला तरी विकल्यासारखं करायचं. आणि नाव ठेवायचं दगडू, धोंडी, केरू, भिकी. नको असलेल्या वस्तूचं नाव. म्हणजे न्यायला येणाऱ्याने बघावं आणि पुढे जावं. शेजारणींनी आईला तेच सांगितलं. पण आमचं घर चर्चचं, त्यात नणंद चर्चच्या कामावर. उकिरड्यावर मूल ठेवलं असतं तर पाद्रीसाहेबांनी दोघींना वेदीसमोर उभं करून झापलं असतं. आणि धोंडी असं नाव बाप्तिस्म्याला चालणार नव्हतं.

"मंग बाई चालत संगमनेरला गेली," आई म्हणाली. "पाद्रीसायबाच्या बंगल्यावर. बाह्यर पायरीवर बसली आन् त्यान्ला इचारलं, सायेब, आपल्या शास्त्रात एकांदी धोंडी हाय का?"

पाद्रीसाहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते रागावले, हे सगळं आपण सोडून दिलंय, असं म्हणाले. बाईआत्या हलली नाही. पदर तोंडाला लावून पायरीवर बसून राहिली. ती कधी कुणापुढे रडली नव्हती, पण त्या दिवशी रडली, असं पाद्रीबाईंनी नंतर आईला सांगितलं होतं. शेवटी पाद्रीसाहेब आत गेले, इब्रीची जाड पुस्तकं काढून बसले, आणि बाहेर येऊन म्हणाले, धोंडी काही नाही, पण एक आहे, थकलेली.

"बाई म्हनली, थकलेली चालंल सायेब. दमलेल्याला कोन उचलून न्यायला येतंय? यील, बघंल, म्हनंल हिच्यात काय ऱ्हायलंय, आन् जाईल माघारी." आईने सोललेल्या शेंगांची टरफलं सुपात सारली. "सायबानं एक अट घातली. अर्थासाटी ठिवलंय हे मंडळीत कोनाला बोलायचं न्हाई. बाईनं शब्द दिला. पन तुला सांगितलं आसंल आसं मला वाटलं."

मी रडले. फार नाही, पण रडले. आईने शेंगा सोलणं थांबवलं नाही. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याच्या रडण्याची घाई नसते. मला बाईआत्याचे ते खरखरीत हात आठवत होते, आणि मी ते बाजूला सारायची तेही. दमली गं माझी बाय, असं ती माझ्याशी बोलतच नव्हती. माझ्या मागे जे कोणी उभं असेल, दोघींना घेऊन गेलेलं, त्याला ऐकवत होती. म्हणून तर एवढ्या मोठ्याने. म्हणून तर मी उड्या मारत असले की हटकून. आणि मी मनात धरून बसले की ही बाई माझी थट्टा करते.

दुपारच्याच बसने मी संगमनेरला परतले आणि सरळ दवाखान्यात गेले. बाकावर दोघी तशाच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. अर्धं झालं नसेल, तोच विहीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"आवो मंग हे आधी सांगायचं न्हाई का! माझा थोरला भाव उकिरड्यावर टाकून उचलेला. त्याचं नावच तसलं. नातवंडं झाली त्याला, आजून टॅक्टर चालवतोय." मग लेकीकडे वळून, "ठीव गं बाई, हेच ठीव. ते मोबाईलमदलं नगं. वार्ता न् बिर्ता काय करायची? आत्याबाईंचं ठीव, दमलेली." म्हणजे ज्या शब्दाने त्यांना धडकी भरली होती, तोच आता त्यांना पावला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. चर्च त्यांनी आतून पाहिलेलं नव्हतं, पण ही गोष्ट त्यांच्या घरातली होती.

भाचेसून म्हणाली, "तुमच्या आधीच्या दोघी गेल्या. आणि तुम्ही जगलात."

"एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले.

"माहितीये," ती म्हणाली. "मीच मुलांना शिकवते ते."

ती उठली, हात धुतले, तोंडाला मास्क लावला आणि काचेपाशी गेली. पाठमोरी होती, त्यामुळे काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण खांदे हलत होते आणि ती बराच वेळ बोलत होती.

पान्हा त्याच दिवशी फुटला असं काही झालं नाही. हळूहळू वाटी भरायला लागली. विहीणबाईंच्या मते नावाने केलं, डॉक्टरांच्या मते औषधाने, भाच्याच्या मते प्रार्थनेने. मला विचाराल तर आईला लेकरापाशी बोलायची मोकळीक मिळाली, म्हणून झालं असावं. पण मी ते तपासून पाहिलेलं नाही, आणि न तपासलेल्या गोष्टीवर मी पैज लावत नाही.

ऊसतोडीचा हंगाम संपता संपता मुलगी घरी आली. मग बारसं केलं, भाच्याच्या फ्लॅटमध्ये, दोन्हीकडची माणसं बोलावून. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली, आताचे पाद्री तरुण आहेत. कोपरगावच्या बायकांनी त्यांचा पाळणा म्हटला, आमच्या बायकांनी आमचा. चाल जवळजवळ एकच निघाली तेव्हा सगळ्या हसल्या. आईला जिने चढवत नाहीत म्हणून ती आली नाही, पण तिने घुगऱ्यांसाठी घरचे हरभरे पाठवले होते. नावाचं आम्ही आधीच ठरवलं होतं. कागदावर लिया, कानात लेआ. एक नाव बाहेरच्यांसाठी आणि एक घरातलं, आमच्याकडच्या जुन्या रीतीने. मी पाळण्यात वाकले, कुर्र केलं आणि दोन्ही अक्षरं सुटी सुटी म्हणाले. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, जरा जोरातच. कोणी अर्थ विचारला की भाचेसून हसून सांगत होती, "शुभवार्ता," आणि मी खोटं पचवून घुगऱ्या वाटत होते.

मग शेजारच्या एक बाई आल्या. मनाने चांगल्या, तोंडाने मोकळ्या. त्यांनी लेकराला उचललं आणि उंच धरून म्हणाल्या, "अगं बाई, काय गुटगुटीत झालीये! पेटीत होती हे खरं वाटेल का कुणाला? नुसती राजकन्या!"

खोली हसली. विहीणबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. भाचेसुनेने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पुन्हा काचेबाहेरचा झाला होता.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. मी पुढे गेले, त्या बाईंच्या हातातून लेकरू घेतलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, माझ्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाले, "दमली गं माझी बाय."

लेकरू टक्क जागं होतं आणि माझ्याकडे बघून पाय झाडत होतं. मी पुन्हा एकदा म्हणाले, या वेळी चांगलं मोठ्याने.